अन्नाची अ‍ॅलर्जी असलेले मूल आणि चाकण पट्ट्यातला डॉक्टर

अन्नाच्या अ‍ॅलर्जीचे निदान मुख्यतः हकिकतीवर उभे असते. मुलाने काय खाल्ले, किती वेळाने गांधी उठल्या, ओठ सुजले का, धाप लागली का, तोच पदार्थ आधी पचला होता का, हे घरचेच सांगू शकतात. खरी अ‍ॅलर्जिक प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते. दुधातली साखर न पचून पोट फुगते, त्याचा प्रतिकारशक्तीशी संबंध नसतो. म्हणून आईचे बोलणे मध्येच तोडणाऱ्या डॉक्टरचे निदानही कच्चे राहते. सहृदयता हा इथे तपासणीचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ही हकिकत गोळा करणेच अवघड. वडील सेकंड शिफ्टला, आई पॅकिंगच्या कामावर, मूल शेजारच्या काकूंकडे किंवा गावाहून आलेल्या आजीकडे. ज्याने त्रास होताना पाहिला, तो माणूस दवाखान्यात आलेलाच नसतो. चांगला डॉक्टर आजीला फोन लावायला सांगतो, मोबाइलवरचा पुरळाचा फोटो पाहतो आणि शेंगदाण्याच्या कुटाबद्दल मुद्दाम विचारतो. कूट भाजीत असतो, कोशिंबिरीत असतो, खिचडीत असतो. पण ‘दाणे खाल्ले का?’ या प्रश्नाला घरचे अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात.

उलट टोकाची चूकही घडते. रक्ततपासणीत एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे सापडली, तरी तो पदार्थ खाऊन त्रास होईलच असे नसते. तेवढ्या कागदावर दूध, अंडी, गहू, डाळी एकदम बंद केल्या, तर मुलाची वाढ खुंटते आणि कंत्राटी पगाराच्या घराला पर्यायी आहार परवडत नाही. शंका उरली तर रुग्णालयात, देखरेखीखाली, तो पदार्थ थोडा थोडा देऊन पाहणे हीच खात्रीची कसोटी. दुधाची आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बऱ्याच मुलांत वयाबरोबर जाते. पथ्य सांगणाऱ्याने फेरतपासणीची तारीखही सांगावी.

तीव्र प्रतिक्रियेत पहिले औषध अ‍ॅड्रेनालिन: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, दर किलो वजनाला 0.01 मिलिग्रॅम. अ‍ॅव्हिल किंवा स्टेरॉइड त्याची जागा घेत नाही. परदेशात पालक जवळ बाळगतात ती तयार इंजेक्शनची पेन भारतात सहज मिळत नाहीत; साधी कुपी मात्र स्वस्त असते. शिफ्ट सुटताना तळेगाव चौकात वाहने अडकली, की चाकणहून संत तुकारामनगरच्या वायसीएम रुग्णालयात वेळेवर पोचण्याची खात्री कोण देणार? त्यामुळे 108 ला फोन करतानाच जवळच्या डॉक्टरने पहिले इंजेक्शन द्यायला हवे. लक्षणे काही तासांनी उलटू शकतात, म्हणून त्यानंतरही मुलाला रुग्णालयात नेऊन देखरेखीखाली ठेवावे लागते. डॉक्टर निवडताना पालकांनी थेट विचारावे: कुपी तुमच्याकडे आहे का, आणि आमच्या मुलाच्या वजनाला किती द्यायची?

खर्चाचा प्रश्न राहतो. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, वेतनमर्यादा 2017 मध्ये 21,000 रुपये झाली. त्या योजनेत कंत्राटी कामगारही येतात आणि विमाधारकाच्या मुलांनाही उपचार मिळतात. चिंचवडच्या मोहननगरात योजनेचे रुग्णालय आहे. मुलाचे नाव नोंदीत चढवलेले आहे ना, एवढे आजच पाहून घ्यावे. आणि डॉक्टरांकडून एक कागद मागून घ्यावा, मराठीत किंवा घरच्या भाषेत: काय द्यायचे नाही, त्रासाची खूण कोणती, कुठे धावायचे. त्याची एक प्रत अंगणवाडीताईंकडे, एक शेजारच्या काकूंकडे.