साक्षीदार शिंपले

समुद्राचे प्रदूषण मोजायचे तर खडकाला चिकटून राहणारे शिंपले तपासा, असे अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली सुचवले. याच कुळातल्या शिंपल्यांना कोकणात शिनाणे म्हणतात. हे जीव जागा सोडत नाहीत आणि पाणी गाळून अन्न मिळवतात; त्यामुळे पाण्यातली विषे त्यांच्या मांसात साठतात. या सूचनेतून ‘मसल वॉच’ ही पाहणी उभी राहिली.

सुरुवातीचा शोध जड धातू, डीडीटी आणि तेलाचा होता. पुढे त्यात औषधांची भर पडली. सिॲटलजवळच्या प्युजेट साउंडमध्ये १८ ठिकाणी स्वच्छ शिंपले पिंजऱ्यांत ठेवले होते. त्यांपैकी ३ ठिकाणच्या शिंपल्यांत ऑक्सिकोडोन हे वेदनाशामक सापडल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. मात्रा अत्यल्प होती. पण रुग्णाने घेतलेली गोळी सांडपाण्यावाटे समुद्रात पोचते, हे त्यातून दिसले.

जून २०२१ मध्ये त्याच किनारपट्टीवर उष्णतेची लाट आली. व्हँकुव्हरचे खडक ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापले आणि ओहोटीत उघडे पडलेले असंख्य शिंपले जागीच भाजून मेले. गोल्डबर्ग यांच्या पद्धतीत साक्षीदार जिवंत राहील, हे गृहीतच धरलेले होते.