गर्भातले मद्य : एका निदानाचा लांबलेला इतिहास

गर्भवतीने मद्य घेतल्यास त्याचा परिणाम बाळावर होतो ही समजूत जुनी आहे. मात्र तिला वैद्यकीय निदानाचे रूप येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, नित्य मद्यपान करणाऱ्या गर्भिणीचे अपत्य सतत तहानलेले, अल्पस्मृती किंवा अस्थिर चित्ताचे निपजते, असे सांगितले आहे. परंतु त्याच यादीत घोरपडीचे मांस वरचेवर खाणाऱ्या स्त्रीच्या अपत्यास मूतखडा होतो असेही विधान असल्याने, त्यातील अनुभव कोणता आणि निव्वळ धारणा कोणती, हे त्या यादीवरून निवडता येत नाही.

युरोपात हा प्रश्न ऐरणीवर आला तो अठराव्या शतकातील लंडनमध्ये. धान्यापासून गाळलेली जिन ही दारू तेथे इतकी स्वस्त झाली होती की, १७२६ मध्ये तेथील वैद्यांच्या मान्यवर संस्थेने संसदेकडे अर्ज करून, दुबळी आणि रोगट मुले जन्मास येण्याचा दोष अशा दारूंवर ठेवला. विल्यम हॉगार्थ याच्या १७५१ मधील ‘जिन लेन’ या चित्रात पायऱ्यांवर बसलेली झिंगलेली आई चिमटीने तपकीर घेत आहे आणि तिचे मूल कठड्यावरून खाली कोसळत आहे. तथापि त्यात दिसते ती आईची हेळसांड, गर्भाला झालेली इजा नव्हे, आणि या दोहोंची गल्लत पुढेही दीर्घकाळ होत राहिली.

ही गल्लत सोडवण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न लिव्हरपूलच्या तुरुंगातील वैद्यकीय अधिकारी विल्यम सलिव्हन यांनी केला. १८९९ मध्ये त्यांनी १२० मद्यासक्त स्त्रियांच्या ६०० अपत्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३३५, म्हणजे निम्म्याहून अधिक, मृत जन्मली किंवा दोन वर्षांच्या आत दगावली होती. यांतील काही स्त्रियांच्या न पिणाऱ्या नातलग स्त्रियांच्या अपत्यांत हेच प्रमाण सुमारे २४ टक्के भरले, त्यामुळे सारा दोष रक्तातल्या वारशावर ढकलता येईना. गरोदरपणी तुरुंगात पडल्याने जिची दारू सक्तीने सुटली, अशा स्त्रीला आधी मुले दगावलेली असूनही निरोगी बाळ झाल्याची उदाहरणेही त्यांनी नोंदवली.

एवढे हाती येऊनही हा धागा सुटला. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठल्यानंतर मद्याच्या दुष्परिणामांविषयीचे जुने लेखन नीतिप्रचार म्हणून बाजूला सारले गेले, आणि १९६० नंतरच्या काळात तर अकाली प्रसूतिकळा थांबवण्यासाठी गर्भवतीच्या शिरेतून मद्यार्क देण्याची पद्धतही रूढ झाली. १९६८ मध्ये फ्रान्समधील नांत येथील बालरोगतज्ज्ञ पॉल लमुआन यांनी मद्यासक्त मातापित्यांच्या १२७ मुलांतील समान लक्षणे फ्रेंचमध्ये मांडली, पण त्यांची दखल फारशी घेतली गेली नाही. १९७३ मध्ये सिएटल येथील केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात खुरटलेली वाढ, लहान डोके, डोळ्यांच्या आखूड फटी आणि बौद्धिक मंदत्व यांचा समुच्चय वर्णून त्याला ‘गर्भमद्य संलक्षण’ या अर्थाचे नाव दिले. संलक्षण म्हणजे एकत्र आढळणाऱ्या लक्षणांचा संच.

यामागील कारण असे की मद्यार्क वारेतून, म्हणजे आई व गर्भ यांना जोडणाऱ्या अवयवातून, सहज पलीकडे जातो, आणि गर्भाचे यकृत अपक्व असल्याने त्याचा निचरा मंदावतो. मेंदूची घडण नऊही महिने चालू असल्याने सुरक्षित असा महिना नाही आणि सुरक्षित ठरलेली मात्राही नाही. अमेरिकेत १९८९ पासून प्रत्येक बाटलीवर गर्भवतींसाठी इशारा छापला जातो. भारतात २०१९ मध्ये सक्तीच्या झालेल्या इशाऱ्यात आरोग्याचा आणि वाहन चालवण्याचा उल्लेख आहे, गर्भाचा नाही.