कोयनेचा भूकंप, मुंबईचा अंधार : आपत्तीचे नुकसान मोजायचे कुठपर्यंत?

१/
११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सातारा जिल्ह्यातील कोयनानगर भूकंपाने हादरले. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, बहुतेक घरे कोसळली किंवा मोडकळीस आली. धरणाला तडे गेले, परंतु ते उभे राहिले.

२/
त्याच धक्क्याने कोयनेची वीज खंडित झाली आणि सुमारे २०० किलोमीटर दूर मुंबईतील उद्योग खोळंबले. तेथील यंत्रे शाबूत होती. नव्हती ती पुरेशी वीज. मग हे नुकसान कोणाच्या नावे मांडायचे?

३/
हे नाते जुने होते. १९१५ साली टाटांच्या खोपोली केंद्रातील वीज मुंबईला पोहोचली आणि गिरण्या वाफेकडून विजेकडे वळू लागल्या. पुढे १९६०च्या दशकात कोयनेची भर पडली. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि गिरणगावातला माग एका तारेने जोडले गेले.

४/
अशी गुंतागुंत मोजण्याचे साधन अर्थतज्ज्ञ वासिली लिओन्तिएफ यांनी १९३६ साली मांडले. त्यांच्या कोष्टकात आडव्या ओळीत एका उद्योगाचा माल कोणाकडे गेला हे दिसते, तर उभ्या रकान्यात त्याने कोणाकडून काय घेतले हे दिसते. या कार्यासाठी त्यांना १९७३ चे नोबेल मिळाले. पुढे हीच पद्धत आपत्तींच्या अभ्यासातही रुजली.

५/
मात्र कोष्टक रुपयांत बोलते. कापडाच्या किमतीत विजेचा वाटा थोडा असतो. पण वीजच गेली तर माग थोडा नव्हे, पूर्ण थांबतो. किमतीतील वाटा म्हणजे अवलंबित्व नव्हे.

६/
उलट दिशेची चूकही संभवते. बुडालेले सूत आणि त्याच सुताचे बुडालेले कापड, दोन्ही पूर्ण किमतीने धरले तर एकच तोटा दोनदा मोजला जातो. म्हणून प्रत्येक टप्प्यावरची मूल्यवृद्धीच धरावी लागते. नंतर जादा पाळ्या चालवून भरून काढलेले उत्पादनही वजा करावे लागते.

७/
सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे. या कोष्टकात वजन मिळते ते खरेदी-विक्रीला. घरी खाण्यापुरते पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे पडलेले घर आणि गमावलेले माणूस तेथे जवळपास अदृश्य राहतात; महानगराचा एक थांबलेला दिवस मात्र ठळक उमटतो. आपत्तीचा एकूण आकडा वाचताना, त्यात कोयनाकाठची ती गावे कुठे आहेत, हे आधी शोधावे.