छत्तीस घरांचा दावा

१९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्यांच्या धाकाने त्यांना बाहेर काढले गेले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की काळ्यांनी कोणत्या गल्लीत राहायचे हे नगरपालिकेला ठरवता येणार नाही. तो निकाल मी प्रथम वाचला तेव्हा मला आनंद झाला. पुढचा इतिहास वाचला आणि तो ओसरला.

वर्ण कायद्यात लिहिता येईना, तेव्हा अनेक गोऱ्या उपनगरांनी जमिनीचे माप लिहिले. एका भूखंडावर एकच घर, त्या घरात एकच कुटुंब, आणि भूखंड एवढा मोठा की तो श्रीमंतालाच परवडावा. १९२६ साली ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा विभागवार नियमांना मान्यता दिली. बंगल्यांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या इमारतीला त्या निकालपत्रात बांडगूळ म्हटले आहे. मी चाळीत वाढलो. भिंतीला भिंत लावून राहणारी माणसे बांडगूळ कशी ठरतात, हे मला आजही कळलेले नाही.

न्यू जर्सीतील माउंट लॉरेलची हकिकत या दृष्टीने समजून घेतली पाहिजे. तेथे काळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राबत आली होती. पुढे शहरांतून सुखवस्तू गोरी कुटुंबे येऊ लागली. कोंबड्यांच्या खुराड्यांची घरे करून राहणाऱ्या गरिबांना, ती राहण्यालायक नाहीत म्हणून हुसकण्यात आले. पण परवडतील अशी नवी घरे बांधू दिली नाहीत. गावच्याच काळ्या लोकांनी छत्तीस फ्लॅटची योजना मांडली. १९७० साली चर्चमधील सभेत महापौरांनी बजावले, की परवडत नसेल तर गाव सोडा. १९७१ साली एथेल लॉरेन्स ही बालवाडीची शिक्षिका आणि तिचे सोबती न्यायालयात गेले.

या फ्लॅटमध्ये एवढे होते तरी काय? अमेरिकेत शाळेचा बराच खर्च गावच्या घरपट्टीतून निघतो. श्रीमंत गावात छोटेसे भाड्याचे घर मिळाले, तरी मुलाला चांगली शाळा मिळते. गावालाही हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच ज्या मोठ्या योजनांत फ्लॅटना परवानगी दिली, तेथे झोपायच्या खोल्यांवर आणि शाळकरी मुलांच्या संख्येवर मर्यादा घातली. विटाळ इमारतीचा नव्हता, गरिबाच्या मुलाचा होता.

१९७५ साली आणि पुन्हा १९८३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गरिबांच्या घरांचा न्याय्य वाटा गावांनी उचललाच पाहिजे. तरीही पहिली कुटुंबे राहायला आली ती २००० च्या अखेरीस. १४० घरांच्या त्या वसाहतीला एथेल लॉरेन्सचे नाव आहे. ती मात्र १९९४ सालीच वारली होती. गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, अशी ओरड झाली होती. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यातले काहीच घडल्याचे दिसले नाही.

१९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपण कसायला जमीन मागितली. शहरांचे विकास आराखडे आणि बांधकामाची नियमावलीही आपण त्याच नजरेने वाचली पाहिजे. त्यांत जातीचे नाव नसेल. चौरस फुटांचे आकडे असतील.