रेल्वे फाटकाचीं साधनें व त्यांचे कागद

आमच्या संग्रहीं एका रेल्वे फाटकाच्या नोंदवहीचें एकच सुटें पान आहे. रद्दींत निघालेल्या कागदांतून तें आमच्या हातीं आलें. वरचा मथळा फाटून गेलेला असल्यामुळें त्यावर स्थळ नाहीं व सालहि नाहीं. पानावर पांच रकाने आहेत : गाडीचा क्रमांक, निरोप आल्याची वेळ, खासगी अंक, फाटक लावल्याची वेळ व उघडल्याची वेळ. एका ओळींत खासगी अंकाचा रकाना तेवढा कोरा आहे. बाकीचे चारहि भरलेले आहेत. हा कोरा रकाना म्हणजे फाटकवाल्याचा अपराध, कीं केवळ लेखनांतील आळस? ह्याचा निकाल शाई, कागद किंवा अक्षराचें वळण पाहून लागत नाहीं. त्या फाटकावर त्या वेळीं कोणतें साधन होतें हें कळल्याशिवाय तो लागणार नाहीं. प्रस्तुत लेखाचा प्रपंच त्यासाठींच आहे.

बोरीबंदर ते ठाणें ही पहिली उतारूंची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. सदतिसांत एक इतक्या चढाचा थळ घाट १८६५ मध्यें खुला झाला आणि मुंबईहून नाशिककडे येणारा लोहमार्ग सलग झाला. हा मार्ग घोटी, अस्वली, देवळाली, ओढें, कसबे सुकेणें, निफाड, लासलगांव ह्या गांवांच्या शिवारांतून जातो. जेथें गाडीवाट त्यास आडवी आली, तेथें आधीं कोणी जावें, बैलगाडीनें कीं आगगाडीनें, हा प्रश्न उभा राहिला. १८९० च्या रेल्वे कायद्याचें १३ वें कलम ह्या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. रस्ता व रूळ एका पातळींत छेदतात तेथें फाटकें, सांखळ्या किंवा अडसर बसवावे व तीं उघडण्या-लावण्यास माणसें ठेवावीं, असें फर्माविण्याचा अधिकार त्यानें सरकारास दिला. त्याच कलमांत, गाडी पाहून किंवा तिचा आवाज ऐकून घोडीं व इतर जनावरें बुजूं नयेत म्हणून रस्त्यालगत आडोसा उभारण्याचीहि तरतूद आहे. कायदा करणाराच्या डोळ्यांपुढें मोटार नव्हती, जनावर होतें, हें त्यावरून उघड दिसतें.

फाटकाचें मूळ रूप आपल्या परिचयाचेंच आहे. वाड्याच्या दरवाजास दिंडी असते, तशीच मोठ्या फाटकाच्या बगलेस पायीं जाणारांकरितां लहान वाट ठेवीत. फाटकवाल्याजवळ तांबडी व हिरवी झेंडी, रात्रींसाठीं हातकंदील आणि रुळावर ठेवावयाचे फटाके असत. वाटेंत गाडी अडकून पडली तर त्यानें धांवत जाऊन रूळावर फटाके ठेवावयाचे. चाक त्यावरून गेलें कीं होणाऱ्या आवाजानें चालक थांबतो. हे फटाके १८४१ मध्यें कूपर नांवाच्या इंग्रज यंत्रज्ञानें काढले, आणि ते अद्यापि फाटकवाल्याच्या सामानांत आहेत. ह्या पहिल्या अवस्थेंत सर्व भार माणसाच्या डोळ्यांवर, कानांवर व पायांवर होता.

दुसरी अवस्था खांबावरील हाताची. इंग्लंडांत १८४१ च्या सुमारास ग्रेगरी ह्यांनीं न्यू क्रॉस येथें असा हात रेल्वेसाठीं उभारला आणि १८५६ मध्यें सॅक्सबी ह्यांनीं सिग्नल व रुळांचे सांधे एकमेकांस बांधून टाकणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. तेंच तत्त्व पुढें फाटकासहि लागू झालें. फाटक लागून त्यास कुलूप बसल्याशिवाय सिग्नल मोकळा होत नाहीं, आणि सिग्नल पुन्हां बंद केल्याशिवाय फाटक उघडत नाहीं. येथें साक्षी माणूस नव्हे, कुलूप. अशा फाटकाच्या सिग्नलवर पिवळ्या तबकडींत काळें 'जी' हें इंग्रजी अक्षर असतें. तो बंद आढळल्यास चालकानें शिटी वाजवून दिवसा एक मिनिट व रात्रीं दोन मिनिटें थांबावें आणि मग जपून फाटकापर्यंत जावें, असा नियम आहे.

ह्या हातानें मराठी भाषेंतहि आपली खूण ठेविली आहे. जुन्या पद्धतीचा हात बंद असतां आडवा असे व मार्ग मोकळा होतांच खालीं कले. म्हणून 'सिग्नल पडला' म्हणजे गाडी आली. आमच्या लहानपणीं हे शब्द ऐकतांच लोक फलाटावर वळकट्या उचलूं लागत. पुढें आलेल्या दुसऱ्या पद्धतींत हात वर जाऊं लागला आणि रंगीत दिव्यांच्या पद्धतींत हातच उरला नाहीं; तरी सिग्नल पडतच राहिला. 'हिरवा कंदील दाखविणें' ह्या वाक्प्रचाराचीहि अशीच कथा आहे. इंग्लंडांतील आरंभींच्या प्रघातांत पांढरा दिवा मोकळ्या मार्गाचा व हिरवा सावधगिरीचा असे. तांबडी कांच फुटली कीं मागील ज्योत पांढरी दिसून धोक्याच्या जागीं अभय मिळे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिरव्यास मोकळ्या मार्गाचा अर्थ देण्यांत आला. अर्थात् अनुमति ह्या अर्थाचा आपला हिरवा कंदील लोहमार्गाइतका जुना असूं शकत नाहीं.

तिसरी अवस्था तारेवरील शब्दाची. कित्येक फाटकांस वरील कुलुपाचा बंध नसतो. तेथें स्टेशनमास्तर टेलिफोनवरून फाटक लावण्यास सांगतो. फाटकवाला तें लावतो आणि खात्री म्हणून एक अंक कळवितो. हाच खासगी अंक. हे अंक क्रमवार नसतात, त्यांचा तक्ता फाटकवाल्यापाशीं असतो, आणि एकदां दिलेला अंक तेथल्या तेथें खोडावयाचा असतो. दोन्ही टोकांच्या वह्यांत तो लिहिला जातो. आपल्या मंडळीस ह्याचें मर्म सांगावयास नको. पत्राच्या शेवटीं मोर्तब झालें कीं मजकूर पुरा झाला, पुढें कोणी कांहीं घुसडूं शकत नाहीं. खासगी अंक हें फाटकवाल्याचें मोर्तब होय.

आतां कालनिर्णयाकडे वळूं. मथळ्यावर 'मध्य रेल्वे' असेल तर कागद ५ नोव्हेंबर १९५१ नंतरचा, 'जी. आय. पी.' असेल तर मात्र तो त्यापूर्वींचाच असें म्हणतां येत नाहीं, कारण शिल्लक छापील कागद कचेऱ्या वापरून संपवितात. अंतर मैलांत असल्यास १९५६ चा मेट्रिक मापांचा कायदा अमलांत येण्याच्या आगेमागेचा काळ धरावा. रस्त्यावरील वाहनांची उंची रोखणाऱ्या लोखंडी कमानीचा उल्लेख हें आणखी एक गमक आहे. वरून विजेची तार जाते तेथेंच ती लागते. इगतपुरीच्या पश्चिमेस वीज १९३० पर्यंत आली. पूर्वेस, म्हणजे नाशिक-निफाडकडे, ती १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत पोंचली. म्हणून नाशिकजवळील फाटकाच्या कागदांत कमान आली तर तो कागद त्यापूर्वींचा नव्हे.

ह्या प्रकाशांत आमचें पान पाहावें. फाटक कुलुपबंद असेल तर कोरा रकाना ही लेखनांतील उणीव. गाडीच्या सुरक्षितपणास त्यानें बाध येत नाहीं. पण फाटकास बंध नसेल तर तो अंक हाच फाटक लागल्याचा एकमेव पुरावा, आणि त्याचा अभाव ही गंभीर गोष्ट. त्यांतहि निरोपाच्या वेळेचा रकाना भरलेला आहे. म्हणजे निरोप आला होता व फाटकहि लागलें होतें. राहिलें तें मोर्तब. स्टेशनवरील वहीचें जोडपान मिळाल्याखेरीज ह्यापुढें जाणें आम्हांस धाडसाचें वाटतें. चौकशीच्या कागदांत फाटकवाल्याचा दोष लिहिलेला आढळला कीं अभ्यासकानें तो लगेच खरा मानूं नये. आधीं साधन पाहावें, मग माणूस. त्या गरिबाची बाजू सांगणारा दुसरा कागद बहुधा नसतोच.

ही सामग्री झपाट्यानें नाहींशी होत आहे. ब्रॉडगेज मार्गांवरील बिनपहाऱ्याचीं सर्व फाटकें ३१ जानेवारी २०१९ पर्यंत काढण्यांत आलीं. पहाऱ्याच्या फाटकांच्या जागींहि पूल व भुयारी वाटा होत आहेत. फाटकावरील गाड्या व वाहनें मोजून त्यांचा गुणाकार करितात. तो एक लाखावर गेला कीं तें फाटक पुलास पात्र ठरतें. ह्या मोजणींत बैलगाडी व मोटार दोहोंसहि एकेक अंकच धरितात, हें १८९० च्या कायद्याशीं नातें सांगणारें शेवटचें चिन्ह म्हणावें लागेल. पूल झाला कीं फाटक भंगारांत जातें आणि वही रद्दींत.

मोडी रुमाल जपणाऱ्या हातांनीं ह्या वह्याहि जपाव्या, एवढीच आमची विनंति आहे. वही हातीं लागल्यास ती कोठें व कोणत्या फाटकावरील, हें तिच्या मलपृष्ठावर तत्काळ लिहून ठेवावें. आमच्या पानाचें जोडपान कोणा संग्राहकापाशीं निघालें तर त्यानें तें मंडळाकडे कळवावें. एका अनाम फाटकवाल्यावरील संशय त्यानें दूर होईल, किंवा कायम तरी होईल.