स्पॉटिंग स्कोप बदलताना वर्धनापेक्षा भिंग महत्त्वाचे

जयपूर : शहरातील आदर्श नगरापासून मानसागर सरोवर काही किलोमीटरवर आहे, तर १९९० पासून रामसर यादीत असलेले सांभर सरोवर एका दिवसात पाहून परतता येते. हिवाळ्यात या दोन्ही ठिकाणी अनेक पाणपक्षी काठापासून दूर उतरतात. हातातली दुर्बीण तेथे अपुरी पडते. म्हणून पक्षिनिरीक्षक तिपाईवरील स्पॉटिंग स्कोप वापरतात.

जुना स्कोप बदलताना लक्ष बहुधा ‘६० पट’ या आकड्याकडे जाते. मात्र भिंगाचा व्यास तोच ठेवून वर्धन वाढवले, तर चित्र अंधुक होते. भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ६० पटींना ती ६५ मिलिमीटर भिंगातून सुमारे १.१, तर ८५ मिलिमीटर भिंगातून १.४ मिलिमीटर असते. मोठे भिंग सुमारे ७० टक्के अधिक प्रकाश गोळा करते. ईडी काचेमुळे पांढऱ्या पिसांच्या कडेची जांभळी झालर कमी होते.

स्कोपच्या नेत्रिकेला मोबाइल किंवा कॅमेरा जोडून छायाचित्र घेणे म्हणजे डिजिस्कोपिंग. त्यासाठी नेत्रिकेच्या मापाचा अडॅप्टर, भक्कम तिपाई आणि कमी वर्धन आवश्यक ठरते. दुपारी तापलेली हवा थरथरू लागली की महागड्या स्कोपमधूनही चित्र अस्पष्ट दिसते; सकाळची वेळ सोयीची.

चांगल्या स्कोपमुळे रोहित पक्ष्यांचा थवा न उठवता दुरूनच न्याहाळता येतो. विनाकारण उडावे लागलेल्या पक्ष्याची शक्ती आणि चरण्याचा वेळ, दोन्ही वाया जातात.