वसईच्या वीरांना आदरांजली वाहताना

भाईंदर स्टेशनावरून पश्चिमेला उत्तनचा रस्ता धरला की डोंगरी, तारोडी, चौक अशी गावे लागतात. हे जुने धारावी बेट. मुंबईतली धारावी ती वेगळी. तारोडीला धारावी देवीचे देऊळ आहे, डोंगरीला पोर्तुगीज अमलातले बेथलेहेम मातेचे चर्च आहे आणि चौकला, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, धारावीचा किल्ला आहे. पलीकडे वसई. ज्याच्या हाती धारावी, त्याच्या हाती खाडीची नाकेबंदी. मराठे व पोर्तुगीज या जागेसाठी झगडले आणि मार्च १७३९ मध्ये ती मराठ्यांकडे आली. तेव्हा या भागात चिमाजीआप्पांचे स्मरण व्हावे हे ओघानेच आले, आणि एखाद्या दिवशी तुमच्याही दारात कोणी येऊन म्हणेल, "सर, त्या दिवशी दोन शब्द बोला."

हे दोन शब्द किती जड असतात, ते मला एकदा कळले. तरुणपणी तारोडीच्याच बाजूला मी असा बोललो होतो. आवाज चढवून सांगितले, की किल्ला पडेना तेव्हा आप्पा गरजले, माझे शीर तरी तोफेने उडवून वसईत टाका! टाळ्या पडल्या. खाली उतरलो, तो एका वृद्ध गृहस्थाने माझा हात धरला. त्यांच्या गळ्यात क्रूस होता. शांतपणे म्हणाले, "भाषण चांगलं झालं, सर. पण एक सांगा, त्या लढाईत आमची माणसं कुठल्या बाजूला होती?"

मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून अशा भाषणाची तयारी मी निराळ्या रीतीने करतो. ती कशी, ते सांगतो.

पहिले काम तारखेचे. वसईचा तह एका पुस्तकात ५ मे १७३९ ला झालेला दिसेल, दुसऱ्यात १६ मे ला. किल्ला ताब्यात आल्याची तारीख कुठे १२ मे, तर कुठे २३ मे. वाचणारा गोंधळतो. पण यात कोणी चुकलेले नाही. पोर्तुगीज १५८२ पासून नवे पंचांग पाळीत होते. इंग्रजांनी ते १७५२ मध्ये स्वीकारले. त्या शतकात दोन्हींत अकरा दिवसांचे अंतर होते. आपण कोणती गणना घेतली, हे एका वाक्यात सांगून टाकावे.

दुसरे काम दोन्हीकडचे कागद पाहण्याचे. य. न. केळकरांचे 'वसईची मोहीम' हे पुस्तक वाचावे. पण पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरे चाळून जे लिहिले, तेही वाचावे. मग हिशेब सरळ लागतो. १५३४ पासून वसईवर पोर्तुगीजांचा अंमल. हिंदूंच्या देवळांवर आणि धर्माचारांवर बंधने आली. अंजूरच्या नाईकांनी पेशव्यांकडे धाव घेतली, त्यामागे हे मोठे कारण होते. ते झाकू नये. मार्च १७३७ मध्ये ठाणे पडले आणि दोन वर्षांनी वसई. ग्रँट डफ मराठ्यांकडील मृत व जखमी मिळून सुमारे ५,००० सांगतो, पोर्तुगीजांकडील सुमारे ८००. जिंकणाऱ्याने हरणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक माणसे गमावली होती! हा आकडा सावकाश उच्चारावा आणि क्षणभर थांबावे. तिथे विशेषणाची गरज नसते.

आता आख्यायिकांचे काय? शिराची गोष्ट आहे. पाडाव झालेल्या पोर्तुगीज स्त्रीला सन्मानाने परत पाठवल्याचीही गोष्ट सांगतात. सांगायच्या तर आख्यायिका म्हणूनच सांगाव्यात. पण खरे म्हणजे त्यांच्यावाचून काही अडत नाही. तहाची कलमे त्यांच्याहून बोलकी आहेत. शिबंदीला शस्त्रे व निशाणांसह मानाने बाहेर पडू दिले. ज्यांना जायचे त्यांना चीजवस्तू घेऊन जाण्याची मुभा मिळाली. मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. हजारो माणसे गमावलेल्या सेनापतीने हे मान्य केले. चिमाजीआप्पांचा मोठेपणा याहून वेगळ्या शब्दांत कशाला सांगायचा? प्रकृतीने ते नाजूक होते. विजयानंतर पुरती दोन वर्षेही त्यांना लाभली नाहीत; डिसेंबर १७४० मध्ये ते गेले.

बोलावे किती? १८६३ साली अमेरिकेत गेटिसबर्गच्या रणभूमीवर एव्हरेट नावाचे नामांकित वक्ते दोन तास बोलले. त्यांच्यामागून लिंकन दोन-तीन मिनिटे बोलले. जगाने लिंकनचे भाषण जपले. आपल्याकडचा नमुना तर याहून जवळचा आहे. जानेवारी १७३९ मध्ये तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. पेशव्यांकडून त्यांच्या मातेला पत्र गेले. आमचा भाऊच गेला, आता आम्हालाच पुत्र माना, असा त्याचा भाव आहे. आदरांजली म्हणतात ती हीच. भाषणाचा कागद हाती घेण्यापूर्वी मी ते पत्र एकदा वाचतो.

आणि त्या वृद्धाचा प्रश्न? आज ते भेटले तर मी म्हणेन : "बाबा, पोर्तुगीज गेले, त्यांचे बडे जमीनदार आणि पाद्रीही बहुतेक गेले. शेत कसणारी, जाळे टाकणारी माणसे मात्र इथेच राहिली. तुमचे पूर्वज त्या राहिलेल्यांतले. त्यांचा क्रूस त्यांच्याकडेच राहील, असे तहाने कबूल केले होते."

तारोडीला बोलायला उभे राहाल तेव्हा समोर देवीचे भक्त असतील, तसे रविवारी चर्चला जाणारेही असतील. भाषण संपल्यावर दोघांनाही एकमेकांकडे मान वर करून पाहता आले, तर आप्पांना वाहिलेली आदरांजली पोचली असे खुशाल समजा.